प्रेझंट आणि प्रिझेंट

चि. शर्वरी हिस,



रविवारी फोनवर तू सांगितलंस ते मनातून गेलेलं नाही. वॉर्डातल्या राउंडला केस सांगायची तुझी पाळी होती. ‘पेशंट प्रेझंटेड विथ फीव्हर’ अशी तू सुरुवात केलीस, सरांनी तिथेच थांबवून तेवढा एक शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि मागे उभी असलेली दोघं हसली. मग उरलेली केस तू कशीबशी उरकलीस. ‘मावशी, एका शब्दाचे दहा अर्थ, वर दोन उच्चार, हे पाठ तरी कसं करायचं?’ असं तू विचारलंस. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या हुशार मुलामुलींकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि फोनवर घाईत त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून लिहिते आहे. जिथे उच्चाराचं लिहिलंय तिथे मोठ्याने म्हणून बघ. खोलीत मैत्रिणी असल्या तरी म्हण.

पाठ करायचा विचार आधी सोडून दे. तू ॲनाटॉमी पाठ केलीस ती वेगळी गोष्ट. शब्दाच्या अर्थांची यादी पाठ केली तर बोलताना त्या यादीतला नेमका अर्थ शोधायला वेळच मिळत नाही. शब्द कानाने घ्यावा लागतो, वाक्यासकट.

सुरुवात सिलॅबलपासून करू. सिलॅबल म्हणजे एका दमात, एका स्वराभोवती उच्चारला जाणारा तुकडा. आपल्या छंदशास्त्रात ‘अक्षर’ म्हणतात ते जवळजवळ हेच. पण लिहिलेलं अक्षर आणि बोललेलं अक्षर यांची गल्लत करू नकोस. ‘हजर’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच तुकडे: ह, जर. इंग्रजीत ही तफावत फार मोठी आहे. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं आहेत आणि सिलॅबल एकच. ‘एरिया’मध्ये चारच अक्षरं आणि सिलॅबल तीन. तेव्हा मोजायचं ते तोंडाने. हनुवटीखाली हात धर आणि शब्द म्हण. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. तुझ्या शब्दाची सात अक्षरं आहेत, पी, आर, ई, एस, ई, एन, टी, आणि तुकडे दोन. नाम असो, विशेषण असो की क्रियापद, दोनच.

मग फरक कुठे आहे? जोरात आहे. आपण मराठीत शब्दाचे सगळे तुकडे साधारण सारख्या वजनाने बोलतो. आपल्या वृत्तांत लघु-गुरू असतात, पण ते स्वर ऱ्हस्व की दीर्घ, पुढे जोडाक्षर आहे का, यावरून ठरतात. एका तुकड्यावर आवाज दाबून दुसरा जवळजवळ गिळायचा ही सवय आपल्या जिभेला नाही. इंग्रजीत मात्र हेच सगळ्यात महत्त्वाचं. हजर, सध्याचा किंवा भेटवस्तू असा अर्थ असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर: ‘प्रेझ्-अंट’. त्यातला ‘प्रे’ ठसठशीत आणि शेवटचा ‘अंट’ इतका हलका की स्वर असल्यासारखा वाटतच नाही. सादर करणे, पुढे आणणे असा अर्थ असेल तर जोर दुसऱ्यावर: ‘प्रि-झेंट’. आता ‘प्रे’ आखडून ‘प्रि’ झाला आणि ‘झेंट’ उघडला. म्हणजे जोर सरकला की स्वरही बदलतात. आपण शाळेत हजेरीला जे ‘प्रेझेंट सर’ म्हणतो त्यात दोन्ही स्वर पूर्ण आणि दोन्ही तुकडे सारखे. तो उच्चार या दोन्हींमध्ये बसत नाही. सरांनी तुला थांबवलं ते जोराच्या जागेसाठी. तू नामाचा उच्चार क्रियापदाला लावलास. ऐकणाऱ्याच्या कानाला आधी ‘हजर’ ऐकू आलं आणि मग वाक्याचा अर्थ जुळवावा लागला. केस चुकली नव्हती.

एक बारीक गोष्ट ‘झ’ची. ‘झाड’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते. इंग्रजीतला हा आवाज न टेकता येतो. लांब ‘स्स्स’ म्हण आणि तो चालू असतानाच गळ्यातून आवाज सोड. बोट स्वरयंत्रावर ठेवलंस तर थरथर लागेल. ती थरथर कशाची हे तू मला सांगशील.

कोशात जोर दाखवायला एक छोटी उभी रेघ असते. ती ज्या तुकड्यावर जोर असतो त्याच्या आधी असते. ही खूण अनेकजण उलटी वाचतात, कारण जुन्या अमेरिकन कोशांत ती त्या तुकड्यानंतर येई. ऑक्सफर्डच्या कोशात आधी. एवढं लक्षात ठेवलंस तर यापुढे कुठलाही नवा शब्द कोणाला न विचारता म्हणता येईल.

आणि हा एकटा शब्द नाही. तुझ्या वॉर्डातच बघ: ‘डिस्चार्ज’. जखमेतून येणारा स्राव किंवा हातात पडणारं कार्ड असेल तर पहिल्या तुकड्यावर जोर. पेशंटला घरी सोडणं असेल तर दुसऱ्यावर. ‘इन्क्रीज’, ‘ट्रान्स्फर’, ‘रेकॉर्ड’, ‘इम्प्लांट’ यांचंही तेच. नाम पुढून जड, क्रियापद मागून. पण याचा नियम करून घेऊ नकोस. ‘रिपोर्ट’, ‘रिझल्ट’, ‘अटॅक’ नाम असोत की क्रियापद, जोर दुसऱ्यावरच. ‘व्हिजिट’ आणि ‘आन्सर’ कायम पहिल्यावर. १५७० साली लंडनमध्ये छापलेल्या पीटर लेव्हिन्सच्या कोशात अशा जोर बदलणाऱ्या जोड्या तीनच सापडतात: रेबेल, रेकॉर्ड आणि आउटलॉ. आज त्या दीडशेच्या वर आहेत. म्हणजे ही पद्धत इंग्रजांच्याही तोंडी हळूहळू पसरत गेली, आणि काही शब्दांवर त्यांचंही एकमत नाही. तुला ती काही महिन्यांत यायला हवी असं कोणी म्हणत असेल तर ते म्हणणं अन्यायाचं आहे.

आता अर्थांकडे येते. कोशात या शब्दाखाली लांब रांग दिसते: हजर, सध्याचा, वर्तमानकाळ, भेट, देणे, ओळख करून देणे, सादर करणे, दाखवणे, सलामी देणे. मुळाशी एकच गोष्ट आहे. लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे पुढे आणि ‘एसे’ म्हणजे असणे. जे पुढ्यात आहे ते. माणूस पुढ्यात आहे, म्हणजे हजर. काळ पुढ्यात आहे, म्हणजे आत्ताचा. वस्तू कोणाच्या पुढ्यात नेऊन ठेवली की ती भेट झाली. हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तोच मुळी हे अर्थ घेऊन.

हे तुला परकं वाटू नये, कारण आपण रोज असंच बोलतो. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे. त्यावरून पुढे ठेवणं ते पेश करणं, दरबारात पुढे आणून ठेवलेली भेट ती पेशकश, आणि जो सगळ्यांच्या पुढे तो पेशवा. अरबीकडून आलेल्या ‘हजर’चं भावंड ‘हुजूर’, म्हणजे समोर असणं, सान्निध्य. पुण्यात हुजूरपागा म्हणतात ती मूळची पेशव्यांची खास पागा, जिथे पुढे मुलींची शाळा सुरू झाली. संस्कृतात ‘पुरस्’ म्हणजे पुढे, आणि एखाद्याला पुढे करणं, मान देणं तो पुरस्कार. जिथे जिथे माणसं दरबारात, सभेत, घरात एकमेकांसमोर उभी राहिली तिथे ‘पुढ्यात’ या कल्पनेतून हजेरी, भेट आणि मान हे अर्थ निघाले. हे कळलं की तुला अर्थ मोजायची गरज उरत नाही. कुठलंही वाक्य समोर आलं की एवढंच विचार: कोण कोणाच्या पुढ्यात येतंय, की आधीच आहे? आधीच असेल तर पहिला तुकडा जड. येत असेल, आणलं जात असेल, तर दुसरा. भेटवस्तूचं मात्र ध्यानात ठेव. ती आणलेली असली तरी वस्तू आहे, नाम आहे, म्हणून ‘प्रेझंट’.

तुझ्या केसच्या कागदावर हा शब्द किती वेळा येतो बघितलंस का? वर ‘प्रिझेंटिंग कम्प्लेंट्स’, खाली ‘हिस्टरी ऑफ प्रेझंट इलनेस’. स्पेलिंगमध्ये जेमतेम तीन अक्षरांचा फरक, पण पहिल्यात तक्रार पेशंटला तुमच्यापुढे घेऊन आली आहे, म्हणून क्रियापदाचा जोर, ‘प्रि-झेंटिंग’. दुसऱ्यात आत्ताचा आजार, म्हणून ‘प्रेझ्-अंट’. पोट तपासून ‘बॉवेल साउंड्स प्रेझंट’ लिहितेस ते आहे-नाहीचं. आणि ‘पेशंट प्रिझेंटेड विथ फीव्हर’ हे क्रियापद डॉक्टरांनी आपल्यापुरतं थोडं वाकवून घेतलेलं आहे. एरवी ‘प्रिझेंट’ म्हटलं की काय प्रिझेंट केलं हे सांगावं लागतं. इथे पेशंट स्वतःच पुढे येतो. आपणही म्हणतोच की, तक्रार घेऊन आला.

‘प्रेझेंटेशन’ या शब्दापाशी जरा जास्त थांब. त्याचे तुकडे चार आणि जोर तिसऱ्यावर. आजार आत असतो; तुमच्यापुढे येतं ते त्याचं प्रेझेंटेशन. मधुमेहाच्या पेशंटला हृदयविकाराचा झटका येऊनही कधी कधी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो, हे तुला शिकवलं असेल. त्याला ‘ॲटिपिकल प्रेझेंटेशन’ म्हणतात. आजार तोच, पुढ्यात आलेलं रूप निराळं. शब्दाची जाण असलेला विद्यार्थी हे दोन वेगळे ठेवतो. ‘धिस इज अ केस ऑफ’ म्हणून निदान आधीच जाहीर करायची घाई मी ऐकली आहे, दवाखान्यात बसल्या बसल्या. मला ती खटकते. ‘प्रिझेंटेड विथ’ म्हणणं जास्त प्रामाणिक आहे. एवढं दिसलं, एवढं सांगितलं, पुढचं शोधायचं आहे.

प्रसूतिशास्त्राची पोस्टिंग लागली की हाच शब्द पुन्हा भेटेल. बाळाचा जो भाग बाहेरच्या वाटेकडे आधी आलेला असतो तो ‘प्रिझेंटिंग पार्ट’. डोकं असेल तर ‘सिफॅलिक प्रेझेंटेशन’, कुल्ले किंवा पाय असतील तर ‘ब्रीच’. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात शंभरातली तीन-चार बाळं ब्रीच असतात. पायांकडून जन्मलेल्याला आपल्या गावात पायाळू म्हणतात. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते अशी समजूत तुझ्या आजीच्या पिढीत पक्की होती. एखादी बाई काळजीने विचारेल, ‘डॉक्टर, बाळ पायाळू आहे का?’ तेव्हा तिला ब्रीच प्रेझेंटेशन समजावून सांगायला तुझ्याकडे शब्द आहे. हसणाऱ्या त्या दोघांकडे कदाचित नसेल.

दवाखान्याबाहेरचे अर्थ झरझर सांगते. बँकेत चेक वटवायला लावणं म्हणजे ‘प्रिझेंट’ करणं. १ एप्रिल २०१२ पासून चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो प्रिझेंट करावा लागतो, त्याआधी सहा महिने मुदत होती. परेडला ‘प्रिझेंट आर्म्स’ म्हणतात ती सलामी. नोटरीच्या जुन्या धाटणीच्या इंग्रजी मुखत्यारपत्राची पहिली ओळ बघ, ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझंट्स’. हे वाचून भेटवस्तूंचा काय संबंध असं वाटतं. तिथे ‘प्रेझंट्स’ म्हणजे हा पुढ्यातला लेख, हा दस्त. आपल्याकडे ‘प्रस्तुत लेख’ म्हणतो तसंच.

दोन जागा मात्र अशा आहेत जिथे चांगलं इंग्रजी येणारेही घसरतात. विशेषण नामाच्या आधी ठेवलं की एक अर्थ, नंतर ठेवलं की दुसरा. ‘द प्रेझंट डॉक्टर्स’ म्हणजे सध्या नेमणुकीवर असलेले डॉक्टर, मग ते सुट्टीवर का असेनात. ‘द डॉक्टर्स प्रेझंट’ म्हणजे त्या वेळी तिथे हजर असलेले. चौकशी समितीपुढे किंवा कोर्टात साक्ष द्यावी लागली तर या फरकाने माणूस अडचणीत येऊ शकतो किंवा सुटूही शकतो. दुसरी जागा ‘प्रेझंटली’. शेक्सपियरच्या काळात त्याचा अर्थ ‘ताबडतोब’ असा होता, माणसांनी चालढकल करत करत तो ‘थोड्या वेळाने’ असा केला. ब्रिटनमध्ये पुष्कळांसाठी तो अजून तोच आहे. अमेरिकेत आणि आपल्याकडे ‘सध्या’. औषधांच्या नोंदीत हा शब्द वापरूच नकोस. ‘प्रेझंटली ऑन इन्सुलिन’ याचे दोन अर्थ निघणं परवडणारं नाही. सरळ ‘करंटली’ किंवा ‘नाऊ’ लिही. आणि ‘प्रेझेंटिमेंट’ नावाचा एक शब्द भेटेल, तो या घराण्यातला नाही. त्याचा अर्थ काहीतरी वाईट घडणार अशी मनात आलेली चाहूल.

राहता राहिला ‘प्रेझंट परफेक्ट’, कारण हिस्टरी सांगताना तो पावलोपावली लागतो. बाई म्हणते, ‘पाच दिवसांपासून ताप आहे.’ आपण ते उचलून ‘शी इज हॅविंग फीव्हर सिन्स फाइव्ह डेज’ करतो. मराठी अगदी बरोबर आहे, इंग्रजीत मात्र भूतकाळात सुरू होऊन आत्तापर्यंत चालू असलेल्या गोष्टीला वेगळं रूप लागतं: ‘शी हॅज हॅड फीव्हर फॉर फाइव्ह डेज’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, केव्हापासून ते सांगायचं तर ‘सिन्स’: ‘सिन्स मंडे’. हे एक वाक्य पक्कं केलंस तर तुझ्या निम्म्या हिस्टऱ्या सुधारतील. उच्चारापेक्षाही मी याला जास्त महत्त्व देईन, कारण ताप उतरला आहे की अजून आहे हे या रूपावरून कळतं.

हसणाऱ्या मुलांबद्दलही लिहायला हवं, कारण तुझा आवाज फोनवर बारीक झाला होता. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना हा जोर लहानपणी कानावर पडून मिळाला, त्यात त्यांची मेहनत नाही. तुला तो मेहनतीने मिळवावा लागेल, आणि ते तुझ्यावर थोडं जास्तीचं ओझं आहे, हे मी मान्य करते. पण इंग्रज माणसासारखं बोलणं हे ध्येय ठेवू नकोस. जोर योग्य जागी पडला आणि अर्थ एका दमात पोचला की पुरे; बाकी बोलणं आपल्या मातीतलं राहिलं तरी काही बिघडत नाही. शिवाय वॉर्डात तू फक्त इंग्रजी बोलत नाहीस. बाईने ‘पोटात डाचतंय’ म्हटलं की ‘कळ येतेय’, ‘दुखतंय’, ‘मुरडा येतोय’ आणि ‘डाचतंय’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे तुला न विचारता कळतं. ‘पेन इन ॲब्डोमेन’ या एका शब्दप्रयोगात त्या चारही बुडतात. त्या बुडू न देणं तुझ्या हातात आहे: डल, कॉलिकी, क्रॅम्पिंग असे शब्द शोधून त्या बाईचं म्हणणं जसंच्या तसं सरांपुढे ठेव. ती तिथे खाटेवर पडली आहे, तिला इंग्रजी येत नाही, आणि तिच्याविषयी जे ठरणार ते तुझ्या सांगण्यावरून. ‘केस प्रिझेंट करणं’ याचा मला कळलेला अर्थ हाच.

तर असं कर. रोजच्या केसमधलं एकच वाक्य घे, ज्यात हा शब्द आहे, आणि रात्री झोपण्यापूर्वी ते मोठ्याने म्हण: ‘शी प्रिझेंटेड विथ फीव्हर, रॅश इज प्रेझंट ओव्हर द ट्रंक, द प्रेझंट इलनेस बिगॅन ऑन मंडे.’ मोबाईलवर रेकॉर्ड करून मला पाठव. (इथे रेकॉर्ड क्रियापद आहे, जोर कुठे ते तूच ठरव.) मी ऐकून लिहून पाठवीन. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश पाठवते आहे. हॉर्न्बी या इंग्रज शिक्षकाने हा जपानमध्ये शिकवत असताना केला, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांसाठी. पहिली आवृत्ती १९४२ साली टोकियोत निघाली. त्यात या शब्दाच्या नामाची, विशेषणाची आणि क्रियापदाची नोंद वेगवेगळी आहे, उच्चार प्रत्येकापुढे दिलेला आहे. ती पानं आधी उघड, मग ‘सब्जेक्ट’ आणि ‘ऑब्जेक्ट’ बघ. त्यांचंही काही विचारायचं असेल तर फोन न करता लिहून पाठव, म्हणजे मलाही नीट उत्तर देता येईल.

जेवण वेळेवर करत जा. रात्रपाळीनंतर चहावर भागवू नकोस.

तुझी,
मावशी